करडईचं तेल गेलं कुठं?

तीनपेट्रोलपंप (धागाकर्ता)

ठाण्यात घाण्याच्या तेलाच्या दुकानांचं पीक आलंय. नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांचे तळमजले, जिथं बघावं तिथं काचेमागे लाकडी घाणा फिरतोय. शेंगदाणा, खोबरं, तीळ, मोहरी, अगदी बदामसुद्धा समोर काढून मिळतो. करडई मागितली की मात्र काउंटरवरचा मुलगा आधी "काय?" म्हणतो आणि मग सूर्यफुलाची बाटली पुढं सरकवतो. मॉलमध्येही तीच गत. तेलांची एवढी लांबलचक फळी, पण त्यात निव्वळ करडई शोधून दाखवा.

बरं, हे काही आडवळणाचं तेल नव्हतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्याच्या घरी कुणाला हृदयाचा झटका येऊन गेला, तिथं दुसऱ्या दिवसापासून डालडा बंद आणि करडई सुरू. "डॉक्टरांनी करडई सांगितलंय" असं लोक जरा मोठेपणानंच सांगायचे, कारण ते शेंगदाणा तेलापेक्षा महाग पडायचं.

थोडी कुंडली मांडतो. करडई सूर्यफुलाच्या कुळातली. मूळ गाव पश्चिम आशिया, आजच्या सीरिया-इस्राएलच्या आसपासचा पट्टा. तिची रानटी भावंडं तिथं अजून उगवतात. माणसानं तिला शेतात आणून चार हजार वर्षं तरी झाली असतील, आणि त्यात फार मोठा काळ तिचं नाव होतं ते रंगासाठी. इजिप्तमध्ये बाराव्या राजवंशाच्या काळातल्या कापडावर करडईचा रंग सापडलाय, तूतनखामेनच्या थडग्यात तिच्या फुलांच्या माळा निघाल्या. पाकळ्या पाण्यात धुतल्या की पिवळा रंग वाहून जातो. चोथ्यात उरतो तो लाल. तो क्षारात उतरवायचा आणि आंबट घालून कापडावर बसवायचा. आपल्याकडच्या कुसुंबी वस्त्रांचा रंग तो हाच. दिसायला देखणा, पण उन्हात भराभर विटणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि पाकळ्यांचा धंदा बसला. बी तेवढं राहिलं.

आता एक गंमत. आज "आमचं पारंपरिक तेल" म्हणून ज्याची जाहिरात होते तो भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी आल्यानंतरचा. सूर्यफूल उत्तर अमेरिकेतलं. तेलबी म्हणून त्याला वाढवलं रशियानं, आणि आपल्या शेतात तेलासाठी ते आलं १९६९ नंतर. त्याआधी दख्खनच्या पठारावर तीळ, करडई, जवस, कारळा हीच मंडळी होती. म्हणजे परंपरेच्या नावानं विकायचंच तर पहिला मान करडईचा, आणि नेमकी तीच दुकानात नाही!

तर जाणकारांना दोन प्रश्न. एक, ही गेली कुठं? दोन, हृदयाचं तेल म्हणून जे नाव होतं, त्यात तथ्य किती?

---

फोडणी

तेलाचं माहीत नाही, पण करडईची भाजी हिवाळ्यात जांभळी नाक्याच्या मार्केटात येते. पानांच्या कडा टोचायला लागायच्या आत घ्यायची. बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण, वरून मूठभर ज्वारीचं पीठ पेरायचं आणि झाकण ठेवून वाफ. मेथीइतकी कडू नाही. सोबत भाकरी.

(अवांतराबद्दल क्षमस्व, पण धागा वाचून भूक लागली.)

---

बार्शीलाईट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नोकरी ऐरोलीत असली तरी शेत अजून बार्शी तालुक्यात आहे, आणि करडई आमच्याच रानातनं गेली.

करडई हे रबीचं कोरडवाहू पीक. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर पेरायची आणि पुढं पाण्याचं नाव काढायचं नाही. मुळी दोन मीटर, भारी काळ्या रानात त्याहूनही खोल जाते आणि खालची ओल ओढते. ज्वारी पाण्यावाचून माना टाकते तेव्हा करडई हिरवीगार असते. आमच्याकडं ज्वारीत आणि हरभऱ्यात तिचे तास, म्हणजे मधल्या ओळी, असायच्या, शिवाय बांधाकडेनं दोन ओळी हमखास. काटेरी असल्यानं मोकाट जनावर आत तोंड घालत नाही. कुंपणही झालं आणि तेलही.

पण काटा कुंपणाला चांगला, काढायला नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक वाळलं की बोंडाखालची पानं सुईसारखी होतात. म्हणून काढणी पहाटे, दंव असताना, काटा जरा नरम असतो तोवर. हाताला फडकी, पायाला पोत्याचं बारदान गुंडाळून माणसं वाकायची. ऊन चढलं की काम बंद. मग ढीग वाळवायचा, काठ्यांनी बडवायचा, वाऱ्यावर उपणायचा. आमची आजी काढणीनंतर आठवडाभर दिव्याच्या उजेडात बोटातनं कुसळं काढत बसायची. आज त्या कामाला दुप्पट मजुरी देतो म्हटलं तरी माणूस मिळत नाही.

त्यात मावा. थंडीत ढगाळ हवा आली की शेंड्याला काळ्या माव्याचा थर बसतो, सगळं झाड चिकट. वेळेत फवारलं नाही तर अर्धं उत्पन्न गेलं समजा.

हे सगळं पूर्वीही होतंच. बदललं ते शेजारचं गणित. खरिपात सोयाबीन आलं, ते निघालं की हरभरा. हरभरा काढायला यंत्र आहे, बाजार आहे, भाव कळतो. जिथं विहिरीला, कालव्याला पाणी आलं तिथं ऊस. करडईला उरलं ते फक्त मुरमाड, उताराचं रान. ऐंशीच्या दशकात देशात कित्येक लाख हेक्टरवर करडई होती, आता एक लाख हेक्टरच्याही खाली. एके काळी जगात आपण पहिल्या नंबरला होतो. आता तो मान कझाकस्तानचा.

संशोधन झालं नाही असं नाही. सोलापूरचं भीमा वाण, परभणीचं परभणी कुसुम, राहुरीच्या विद्यापीठाचं फुले कुसुमा, ही सगळी रानात चाललेली वाणं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर २००१ मध्ये बिनकाट्याचं संकरित वाण आणलं. अडचण अशी की काटा गेला तोवर शेतकरीही गेला होता.

आणि शहराकडची बाजू. १९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली केली. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातनं येतं. स्वस्त पामतेलापुढं काटेरी कोरडवाहू पिकाचं काय चालणार?

---

चिकित्सक

बार्शीलाईट, सुंदर प्रतिसाद. फक्त पामतेलावर सगळं ढकलू नका. करडई पामतेलाच्या गिऱ्हाइकाची नव्हतीच, ती बरी परिस्थिती असलेल्या मध्यमवर्गाची होती. तो मध्यमवर्ग गेला सूर्यफुलाकडे. पातळ, बिनवासाचं, टीव्हीवर पुऱ्या फुगताना दिसायच्या. करडईसुद्धा जाहिरातीनंच मोठी झाली आणि दुसऱ्याच्या जाहिरातीनं मेली.

आणि ते "हृदयासाठी उत्तम", "कोलेस्टेरॉल-फ्री" वगैरे. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल असतंय कुठं? पामतेलातही नसतं, खोबरेलातही नसतं. हे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर "बिनसाखरेचं" छापण्यासारखं झालं. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: तथ्य कमी, धंदा जास्त.

---

स्निग्धांश

नेरूळला राहतो, तेल शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त. चिकित्सक, धंदा होताच, पण तथ्यही होतं. जरा सविस्तर लिहितो.

कुठलंही तेल घ्या, उष्मांक तेवढेच: एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. पोह्याच्या चमच्याएवढं तेल म्हणजे चाळीस-पंचेचाळीस. "हलकं तेल" असा काही प्रकार नाही, पातळ असलं म्हणून कमी चरबी नसते. फरक असतो तो स्निग्धाम्लांच्या, म्हणजे तेल ज्यांचं बनतं त्या घटकांच्या, प्रकारात.

करडईच्या १०० ग्रॅम तेलात ७५ ग्रॅमच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ गटातलं मुख्य. ओलिक आम्ल तेरा-चौदा, संपृक्त (तुपासारखी घट्ट होणारी) स्निग्धाम्लं नऊ-दहा. रोजच्या खाण्यातल्या तेलांत इतकं लिनोलिक दुसऱ्या कशात नाही. साधं सूर्यफूल त्याच्या खालोखाल. शेंगदाणा तेलाचा तोंडवळा वेगळा: ओलिक निम्म्याच्या जवळ, लिनोलिक एक तृतीयांश, संपृक्त सतरा-वीस टक्के. पामतेल निम्मं संपृक्त, खोबरेल तर ऐंशी टक्क्यांच्याही वर.

लिनोलिक आम्ल शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. आणि तूप, डालडा, पाम असं संपृक्त काढून त्याजागी लिनोलिक घातलं तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, खाली येतं. हे अनेक वेळा तपासून झालेलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१७ ची शिफारसही तीच आहे. त्या काळच्या डॉक्टरांनी डालडा बंद करून करडई सांगितली यात चूक काहीच नव्हतं. उलट माझ्या मते निम्मा फायदा डालडा सुटल्याचाच असणार, कारण त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी अपायकारक चरबी, होतं. त्यावर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट २०२२ मध्ये.

ई जीवनसत्त्वही बरं, १०० ग्रॅमला सुमारे ३४ मिलिग्रॅम. शेंगदाणा तेलाच्या दुप्पट. पण आपण चमच्याच्या हिशोबानं खातो, हे विसरू नये.

आता उणी बाजू. करडईत ओमेगा-३, म्हणजे अन्नातूनच घ्यावा लागणारा दुसरा गट, जवळजवळ शून्य. घरात वर्षानुवर्षं फक्त करडई (किंवा फक्त सूर्यफूल, दोन्ही त्यात सारखीच) वापरली तर दुसरा पाय लंगडा राहतो. सोलापूरकडच्या जुन्या ताटात ही उणीव आपोआप भरून निघायची, कारण भाजीत करडईचं तेल आणि भाकरीशेजारी जवसाची चटणी. १०० ग्रॅम जवसात २० ग्रॅमच्या वर अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३ असतं. चमचाभर चटणीत दिवसाचं काम होतं. जवस भाजून कुटलेले हवेत, अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. ठाण्यातल्या मासे खाणाऱ्यांना तर चेंदणी कोळीवाड्यात बांगडा आहेच, त्यातलं ओमेगा-३ अधिक कामाचं.

---

खारघरची_मावशी

स्निग्धांश काका, वाचनखूण साठवली. जवसाची चटणी आमच्याकडं आहेच, तेलाचाच पत्ता नव्हता.

---

चिकित्सक

मुद्देसूद. पण एक गोष्ट तुम्ही सोडलीत. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना संपृक्त स्निग्ध कमी करून त्याजागी करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण माणसं जास्त मेली: करडई गटात १७.६ टक्के, दुसऱ्यात ११.८. जुनी आकडेवारी पुन्हा बाहेर काढून २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. आता बोला!

---

स्निग्धांश

सोडली नव्हती, कुणीतरी काढणार हे माहीत होतं. :)

तो अभ्यास खरा आहे आणि दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण त्यात काय दिलं होतं ते बघा. त्या गटाला दिवसाच्या उष्मांकांपैकी १५ टक्के बहु-असंपृक्त (लिनोलिकसारख्या) स्निग्धातून घ्यायला सांगितलं होतं. दोन हजार किलोकॅलरीच्या आहारात ते तीसहून जास्त ग्रॅम होतात. करडईतून मिळवायचे तर माणशी रोज चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम तेल, तेही एकाच प्रकारचं. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर आणणाऱ्याच्या वाट्याला दिवसाचं एकूण तेल येतं पंधरा ग्रॅम. दुसरं, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट किती होतं हा वाद अजून मिटलेला नाही. तिसरं, ते सगळे आधीच झटका येऊन गेलेले पुरुष होते.

मी त्यातून एवढंच घेतो की कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला म्हणजे सगळं साधलं असं नाही, आणि ओमेगा-३ शिवाय नुसतं लिनोलिक ओतत राहणं शहाणपणाचं नाही. त्यावरून "करडई विष आहे" असे जे व्हिडिओ फिरतात ते मात्र शुद्ध आचरटपणा. आणि तेच व्हिडिओवाले शेवटी स्वतःचं खोबरेल विकतात, हेही बघून ठेवा.

---

खारघरची_मावशी

सगळं वाचलं. आता सरळ मराठीत सांगा, करडईत चकली तळायची की नाही? आमच्या आईकडे दिवाळीचं सगळं तळण करडईतच व्हायचं आणि कुणाला काही झालं नाही. फक्त एक त्रास होता. गॅसमागच्या टाइलवर पिवळा चिकट थर बसायचा तो सोडा, तारेची घासणी, कशानंच निघायचा नाही. शेंगदाणा तेलाचा असा थर बसत नाही, हा माझा अनुभव. हे खरं की माझ्या मनाचे खेळ?

---

स्निग्धांश

मावशी, मनाचे खेळ अजिबात नाहीत. तुमच्या टाइलवर रसायनशास्त्राचा अख्खा धडा होता.

तेलांची एक वर्गवारी रंगवाले करतात: हवेत वाळणारी, अर्धवट वाळणारी आणि न वाळणारी. जवसाचं तेल पहिल्या वर्गातलं, म्हणून ते चित्रकार वापरतात. करडई जवसाच्या खालोखाल. ती वाळते आणि वाळल्यावर जवसासारखी पिवळी पडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगात करडईचं तेल घालण्याची पद्धत आहे. शेंगदाणा, खोबरेल न वाळणाऱ्यांत. हे वाळणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. लिनोलिकच्या साखळीत दोन जागी दुहेरी बंध असतात, त्यांच्या मधल्या जागेवर हवेतला प्राणवायू हल्ला करतो, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पातळ तेलाचं चिवट आवरण बनतं. भिंतीवर उडालेल्या बारीक थेंबांचं, गॅसच्या उष्णतेत, महिनोन्‌महिने हेच होतं. तुम्ही तेल घासत नव्हता, व्हार्निश घासत होता. पुढच्या वेळी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी फडक्यावर घेऊन अर्धा तास चिकटवून ठेवा आणि मग पुसा.

आता चकली. जे भिंतीवर होतं तेच कढईत होतं, फक्त वेगानं. रिफाइंड करडईचा धूर निघण्याचा बिंदू भरपूर वर आहे, २५० अंश सेल्सियसच्या पुढं, आणि तळण चालतं १८० च्या आसपास. त्यामुळे ताज्या तेलात एकदा तळायला हरकत नाही. प्रश्न उरलेल्या तेलाचा. करडईचं तळणीचं तेल लवकर काळवंडतं, फेसाळतं, दाट होतं. ते गाळून पुन्हा पुढच्या रविवारी भज्यांना, हे करू नका. फार तर दोन दिवसांत फोडणीत संपवा. हॉटेलांसाठी खराब झालेल्या तळणीच्या तेलाची मर्यादा सरकारनं २०१८ पासून घालून दिली आहे, २५ टक्के ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं. घरात कोण मोजणार? वास आणि फेस हेच आपलं यंत्र.

घाण्याची करडई मात्र तळणाला नकोच. तिचा धूर फार लवकर निघतो. ती फोडणीला मंद आचेवर, किंवा वरून कच्ची. भाजलेल्या वांग्यावर, ज्वारीच्या हुरड्याच्या चटणीत, कांदा-तिखटावर. बियांचा किंचित कडसर, खमंग वास असतो, तो रिफाइंडमध्ये संपूर्ण गेलेला असतो.

जाता जाता: करडईचंच एक वेगळं वाण असतं ज्याच्या तेलात ओलिक आम्ल ७५ टक्क्यांच्या आसपास असतं. कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी साठच्या दशकात ते तयार केलं. परदेशी बाटलीवर "हाय ओलिक" लिहिलेली करडई दिसली तर तिला वरचं काहीच लागू नाही. ती स्वभावानं ऑलिव्हच्या जवळची, आणि तळणाला उत्तम.

---

तीनपेट्रोलपंप

मावशींचा प्रश्न या धाग्यातला सर्वोत्तम. माझ्या एक्झॉस्ट फॅनकडं आता मी वेगळ्या नजरेनं बघणार.

घाणा विरुद्ध रिफाइंड यावर कुणीतरी लिहा. घाण्यावाले म्हणतात रिफाइंड म्हणजे केमिकल.

---

स्निग्धांश

थोडक्यात लिहितो, कारण यावर इथं शंभर धागे असतील. रिफाइंड करताना डिंकासारखे पदार्थ काढतात, मोकळी आम्लं अल्कलीनं काढतात, विशिष्ट मातीतून रंग गाळतात आणि शेवटी निर्वात भांड्यात २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात. त्यात ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉल काही प्रमाणात जातात. त्याबरोबर खवटपणा आणि बरीच नको ती द्रव्यंही जातात. स्निग्धाम्लांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. घाण्याच्या तेलाला चव आणि वास आहे, ते ताजं असेल तर मजा, पण जुन्या बियांचं, कुबट पोत्यातलं असेल तर रिफाइंड परवडलं. घाणा लाकडाचा आहे की लोखंडाचा यापेक्षा बी कुठलं आणि कधीचं, हे आधी विचारा.

आणि लेबल वाचा. आपल्याकडे दोन तेलांचं मिश्रण विकायला परवानगी आहे, त्यात प्रत्येक तेल किमान २० टक्के हवं. पुढच्या बाजूला मोठं फूल छापलेलं असतं, मागे बारीक अक्षरात दुसरंच तेल ८० टक्के.

---

चिकित्सक

भावाचं कुणी बोलतच नाहीये. घोडबंदरला एका ठिकाणी घाण्याची करडई "ऑर्डरवर" मिळते म्हणाले, भाव ऐकून परत आलो. ही लूट नाही का?

---

बार्शीलाईट

लूट म्हणायच्या आधी हिशोब करा. २०२५-२६ च्या रबी पणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये. म्हणजे किलोला साठ धरा. बियात तेल २८ ते ३२ टक्के, कारण निम्मं वजन टरफलाचंच असतं. लाकडी घाण्यात त्यातलं सगळं उतरत नाही, थोडं पेंडीत राहतं. लिटरभर तेलाला साडेतीन ते चार किलो बी लागतं. झाले २१० ते २४० रुपये नुसत्या बियाचे. त्यावर गाडीभाडं, वीज, माणूस, ठाण्यातलं दुकानभाडं. शेंगदाण्यात तेल चाळीस टक्क्यांच्या वर असतं आणि त्याची पेंड चांगल्या भावानं जाते. करडईची पेंड टरफलाची आणि कडवट, जनावर नुसती खात नाही, तिला भाव नाही. मग घाणेवाल्यानं शेंगदाणा सोडून करडई का लावावी?

---

खारघरची_मावशी

आणि महिन्याला किती आणायचं? आम्ही चौघं.

---

स्निग्धांश

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार किलोकॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चौघांचे महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. यात तूप, लोणी सगळं आलं, आणि बाहेरचा वडापाव याच खात्यात. प्रत्यक्षात आपली घरं याच्या पुढं जातात, आणि करडई की शेंगदाणा हा वाद घालत बसतात. मी दोन तेलं ठेवतो: तळणाला आणि रोजच्या भाजीला शेंगदाणा, वरून घ्यायला घाण्याची करडई अर्धा लिटर. छोटी बाटली, गडद काचेची, फ्रिजच्या दारात. उघडली की महिन्या-दीड महिन्यात संपवायची. करडई उन्हात, गॅसशेजारी पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ठेवाल तर खवट वास यायला वेळ लागणार नाही.

---

फोडणी

म्हणजे तेल अर्धा लिटर आणि भाजी जुडीभर. मला पटलं.

---

बार्शीलाईट

मार्चमध्ये गावाकडं चाललोय. चुलत्यानं यंदा दीड एकर बिनकाट्याची करडई केलीय, एक पोतं मी घेऊन येणार. ऐरोलीतला घाणेवाला म्हणतो, एका वेळी दहा किलो बी असेल तरच घाणा लावतो, नाहीतर शेंगदाण्याचा वास उतरतो. ज्यांना हवं त्यांनी व्यक्तिगत निरोप करा, बी चुलत्याच्या भावानं, दळणावळ घाणेवाल्याची.

---

खारघरची_मावशी

माझे चार किलो धरा.

---

तीनपेट्रोलपंप

माझे आठ. शेजाऱ्यांनाही विचारतो.

---

चिकित्सक

दोन किलो. प्रयोग म्हणून, हृदयासाठी नव्हे.

---

बार्शीलाईट

चिकित्सकराव, दोन किलोत अर्धा लिटर येईल, आणि सोबत दीड किलो पेंड तुमच्या गळ्यात. कुणाच्या ओळखीत गोठा आहे का? घाणेवाला ती ठेवून घेत नाही म्हणतो.

---

फोडणी

कोलशेतला आमच्या दूधवाल्यांचा आहे. विचारलं. म्हणाले, सरकी पेंडीत मिसळून घालू, पण पोतं तुम्ही आणून टाका.